दुसरी किल्ली

गुप्तता आणि जतन या दोघींचे मुळातच पटत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. जी वस्तू टिकावी ती चार हाती द्यावी लागते, आणि जी लपवायची ती एकाही हाती देऊन चालत नाही. भिंतीत दागिने पुरून ठेवणारी माणसे पूर्वी अकस्मात गेली, म्हणजे घरातल्यांच्या वाट्याला भिंती तेवढ्या येत. पेच जुनाच; मला तो नव्याने भेटला तो विंडोजच्या एका काळ्या चौकटीत.

मी शाळामास्तर, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबऱ्यांचे खर्डे, वर्गासाठी केलेली टिपणे आणि वडिलांच्या पत्रांची छायाचित्रे, असा माझा सारा संसार एका संगणकात आहे. त्याची एक प्रत दूर कोठे तरी, ज्याला आता सारेच क्लाउड म्हणतात तेथे, असावी असे ठरवले. (हा ढग म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी संगणक, पण नाव कसे हलके आहे!) त्यासाठी रेस्टिक नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्याला बटणे नाहीत, चित्रे नाहीत. कमांड प्रॉम्प्टच्या चौकटीत आपण हुकूम टंकायचा आणि त्याने तो पाळायचा. त्याचा मोठा गुण असा, की कागद घराबाहेर पडण्याआधीच तो त्यांना कुलूप घालतो. ज्याच्या जागेत प्रत ठेवली त्यालाही त्यातले अक्षर लागत नाही.

हे रोज रात्री आपोआप व्हायचे, तर दर वेळी परवलीचा शब्द टंकायला मी कोठून बसणार? म्हणून तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतात. जागेचा पत्ता रेस्टिक_रिपॉझिटरी या नावाखाली, परवलीचा शब्द रेस्टिक_पासवर्ड या नावाखाली. 'सेट' म्हटले तर चौकट मिटेपर्यंत लक्षात राहते. 'सेटएक्स' म्हटले तर विंडोज ते कायमचे टिपून ठेवते, मात्र आधी उघडलेल्या चौकटीला त्याचा पत्ता नसतो, नवी उघडावी लागते. घरात काही गोष्टी कोणी बोलून दाखवत नाही, पण त्या हवेत असतात आणि मुलांना न सांगता कळतात. येथेही तसेच आहे. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला, की थोरल्याच्या हवेची नक्कल धाकट्याला मिळते. धाकट्याने त्यात काही बदलले, तर थोरल्याला त्याची वार्ताही नसते. बाप आणि मास्तर अशा दोन्ही नात्यांनी हे मला चांगलेच ओळखीचे वाटले.

पण हवेतले गुपित फार काळ गुपित राहत नाही. सेटएक्सने टिपलेला शब्द रजिस्ट्रीत उघड्या अक्षरांत असतो. माझ्या खात्यात चालणारा कोणताही प्रोग्रॅम तो वाचू शकेल. म्हणून मी तो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि रेस्टिक_पासवर्ड_फाइल या नावाखाली फक्त फाइलचा पत्ता दिला. चोराचा विचार एवढा पुरे.

मला भय आहे ते निराळेच. रेस्टिकचा परवलीचा शब्द हरवला, तर तो परत मिळवण्याची काहीच सोय नाही. अर्ज नाही, ओळख पटवणे नाही, गयावया नाही. माझा संगणक आणि मी एकाच दिवशी नाहीसे झालो, तर माझे लेखन ढगात सुखरूप असेल आणि कोणालाही, कधीही वाचता येणार नाही. याला जतन म्हणावे काय?

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. बाहेरच्यांना ते शतकानुशतके कळले नाहीत; विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कोठे अभ्यासकांची वाट मोकळी झाली. पण त्याआधीही ते ग्रंथ मुके नव्हते. पंथात गुरूकडून शिष्याकडे लिपीची किल्ली जात होती, आणि मठांतून वाचन चालूच होते. कुलूप पोथीला होते, किल्ली माणसांत होती.

रेस्टिकमध्येही ही सोय आहे. 'की ॲड' असा हुकूम दिला, की त्याच कपाटाला दुसरी किल्ली करता येते, तिचा शब्द वेगळा. मात्र प्रत्येक किल्लीने सारे कपाट उघडते. निम्मे उघडणारी किल्ली नाही. आणि माझ्या खर्ड्यांत काय आहे ते मी जाणतो. कादंबरीकार माणसे घरातूनच उचलतो. छापताना त्यांची नावे, गावे बदलतो, खर्ड्यात ती पुष्कळदा जशीच्या तशी असतात. दोन कपाटे कर, एक घरच्यांसाठी आणि एक तुझ्याबरोबर संपणारे, असा सल्ला एका स्नेह्याने दिला. खर्डे जाळण्याचा लेखकाचा अधिकार मी मानतो. पण जे जाळायचे ते आज जाळावे. रोज रात्री त्याची प्रत करून ठेवायची आणि ती कोणी पाहू नये म्हणायचे, हा स्वतःशीच चाललेला लपंडाव झाला.

नवरात्रात एका संध्याकाळी मी पत्नीला संगणकाशी बसवले आणि हुकूम टंकला. चौकटीने नवा शब्द मागितला.

"टंकताना अक्षरे दिसत नाहीत," मी म्हटले, "दोनदा तोच शब्द घाल."

"आणि यात तुमचे सगळेच उघडेल?"

"सगळे."

ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जरा तिकडे तोंड करा पाहू."