वाकावं लागतं

या वेळी कुठेतरी अंगण झाडलं जात असेल. केर काढायचा तर वाकावं लागतं. घराणं मोठं असो, पदवी मोठी असो, वाकावं लागतं.

येशूही वाकला. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. हे काम दासाचं. त्यांच्यातल्या पेत्राने आधी नकारच दिला. आपल्यातल्या पुष्कळांचा असा पेत्र होतो. दुसऱ्याची सेवा स्वीकारतानाही आतून वाकावं लागतं, आणि ते जास्त अवघड!

पंडिता रमाबाईही अशाच वाकल्या. त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलं. संस्कृत पुराणं त्यांना मुखोद्गत होती. पुढे ख्रिस्ताच्या मागे चालताना त्या दुष्काळी मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या उपाशी, निराधार मुलींना त्यांनी केडगावात हक्काचं घर दिलं.

पण सेवेतही 'मी' शिरतो बरं का. कुणाची सेवा करायची, हे तोच ठरवू लागतो. भोजनाच्या त्या रात्री येशूला धरून देणारा यहूदाही तिथेच होता. येशू त्याच्यापुढेही वाकला.

तुमच्या घरात, कचेरीत कुणापुढे वाकणं तुम्हाला जड जातं? आजचा चहा त्यांना तुम्हीच नेऊन द्या. आणि कुणाला सांगू नका.