उद्या आली नाहीस तरी चालेल

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना तिसरीतल्या एका मुलीला मी म्हणाले होते, "उद्या आली नाहीस तरी चालेल." रागाने नव्हे, चांगल्या मायेने म्हणाले होते. तिला हातच्याची वजाबाकी जमत नव्हती आणि जोडाक्षर आलं की ती अडखळायची. आमची शाळा दोनशिक्षकी, जिल्हा परिषदेची. त्या दिवशी शाळेची श्रेणी ठरायची होती. सुट्टी मिळाली म्हणून मुलगी खूश झाली. आम्हाला ‘अ’ श्रेणी मिळाली.

मी खोटं वागले का? हजेरीपटावर तिची गैरहजेरी मांडली, ती खरीच होती. हजर मुलांनी दिलेली उत्तरं त्यांची स्वतःचीच होती. एकही नोंद खोटी नव्हती, सगळं मिळून मात्र खोटं होतं. निवृत्त झाले तरी हा हिशोब माझ्या मनातून जात नाही.

माझ्या एकटीचा दुबळेपणा म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६२च्या नियमांनी शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणिताच्या परीक्षेला बांधलं. निकालावर अनुदान देण्याची ती पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सांगितलं, की गरीब वर्गांच्या प्राथमिक शिक्षणाला ही पद्धत मुळीच मानवणारी नाही. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता. जिथे शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पोट भरायचं म्हटलं तर शाळा काढायला कोणता शिक्षक पुढे येईल? अनुभवाने मी त्याला एवढंच जोडते, की शाळा आधीच असेल तर तिथे कच्चं मूल कुणाला हवंसं वाटेल?

त्यानंतर आपण साधनं पुष्कळ बदलली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं. २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची, हा विचार सुंदर होता. लवकरच तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’ हे वाक्य मी अशा मुलांपुढेही लिहिलं, ज्यांचा आवाज मला धड आठवत नव्हता. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. ‘शाळासिद्धी’त तर सात क्षेत्रं आणि सेहेचाळीस मानकांवर शाळेने आधी स्वतःच स्वतःला जोखायचं. आरसा बदलत गेला. आरशापुढे उभं राहणाऱ्याची भीती कुणी विचारली नाही.

याच देशात एक वेगळी पाहणीही चालते. २००५ पासून ‘असर’चे कार्यकर्ते खेड्यांत घरोघर जातात आणि अंगणात बसून मुलाला उतारा वाचायला देतात, वजाबाकी करायला सांगतात. अहवालात मुलाचं नाव नसतं, शाळेचंही नसतं. पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, हे आपल्याला अशा अंगणांतून कळलं. तिथे खरं बोलण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग शाळांना कुणी विचारूच नये का? असं मी म्हणणार नाही. मुलाला शाळेत धाडून मजुरीला जाणाऱ्या आईला शाळा काय करते ते कळायलाच हवं. उत्तरदायित्व नको, असं म्हणणारा शिक्षक बहुधा स्वतःची सोय पाहत असतो. पण डॉक्टरांनी तापमापक लावावा आणि ताप निघाला म्हणून रोग्यालाच दंड करावा, तर पुढच्या वेळी रोगी ताप लपवेल. मोजणं वेगळं आणि दंड वेगळा. मूल्यमापनातून मदत मिळते हे शाळेला आधी अनुभवायला मिळालं पाहिजे. मानांकन द्यायचंच असेल, तर ‘किती मुलांना येतं?’ एवढ्यावर थांबू नये. ‘ज्यांना येत नाही ती कोण, आणि त्यांच्यासाठी वर्षभर काय केलंत?’ हेही विचारावं. त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतील, त्यांच्या घरी जाऊन यावं. कमी येणाऱ्या मुलाला दाखवणारी शाळा त्याला लपवणाऱ्या शाळेपेक्षा वरच्या श्रेणीची ठरेल, तेव्हाच श्रेणीला अर्थ येईल.

‘मला येत नाही’ हे निर्भयपणे म्हणता येणं, शिकण्याची सुरुवात तिथून होते. जी शाळा स्वतः हे वाक्य बोलू शकत नाही, ती मुलांना ते कसं बोलू देईल?

पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी ठरली. या खेपेस मी त्या मुलीला काहीच म्हणाले नव्हते. तरी त्या दिवशी ती आली नाही. मी शिकवलेलं तेवढं तिला पक्कं येत होतं.