एक ते चार

पुण्याच्या पेठांतल्या दुकानांच्या ‘दुपारी 1 ते 4 बंद’ या पाटीवर साऱ्या महाराष्ट्राने विनोद केले. मला त्यावर कधी हसू आलं नाही. माझे वडील शनिवार पेठेत एका दुकानात हिशेब लिहायचे. सकाळी साडेसातला दुकान उघडायचं, रात्री नऊला फळ्या लागायच्या. मधल्या तीन तासांत ते घरी येत, गरम भात जेवत, सदरा खुंटीला अडकवून आडवे होत. चारच्या चहाआधी माझी गणिताची वही बघत. त्या पाटीमुळे आम्हाला वडील मिळाले.

चितळे बंधूंनी 2017 च्या जुलैपासून दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याची ठळक बातमी झाली. त्यांनी काळाप्रमाणे केलं, त्यात गैर काही नाही. पण दुपारची ती झोप टिकली होती ती एका न बोललेल्या करारावर. सगळी पेठ बंद असे, म्हणून कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नसे. एकाने दार उघडलं की शेजाऱ्याची झोप महाग होते, मग त्याच्या शेजाऱ्याची. घाई अशीच पसरते. ती कुणालाच नको असते, पण एकट्याला थांबणं परवडत नाही.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. अमेरिकेत दिवस उगवतो तेव्हा तिच्या बैठका सुरू होतात, म्हणून घरचं रात्रीचं जेवण तीन पाळ्यांत होतं. पित्त आणि मानदुखी तिला तिशीतच जडली. मागच्या वर्षी ती इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन आली. येताना चेहरा निवळलेला होता. फोन चालू केला आणि दहा दिवसांचं तुंबलेलं काम अंगावर आलं. आठवड्यात पुन्हा तेच पित्त. लोक म्हणतात, तिला सातत्य जमलं नाही. मला ते पटत नाही. ती थांबली होती, तिच्याभोवतीचं काही थांबलं नव्हतं.

एकट्याने थांबून भागत नाही, हे आपल्याकडे एका माणसाला पुरतं उमगलं होतं. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरणीत तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. एकेकट्या कामगाराने खाडा केला तर पगार जाई, कधी नोकरीही. लोखंड्यांनी 1884 पासून कामगारांना एकत्र आणलं. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. दोन स्त्रियाही तिथे बोलल्या. 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार मिळाला तो सगळ्यांना एकदम मिळाला, आणि म्हणूनच तो टिकला. आज रविवारी सकाळी आपण काही मिनिटांत दूध-भाजी मागवतो, तेव्हा आपला तो रविवार जिना धापा टाकत चढणाऱ्या मुलाच्या आठवड्यातून वजा झालेला असतो. त्याला असा रविवार अजून कुठल्या सभेने मिळवून दिला आहे?

आषाढी वारीत ही समज अजून शाबूत आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत दोन रात्री मुक्कामाला असते. विसावे आणि मुक्काम आधीच ठरलेले. पालखी थांबली की सगळ्या दिंड्या थांबतात आणि मागे पडलेला येऊन मिळतो. रजा मागायची नसते, थकल्याची लाज नसते. एकदा त्या मधल्या दिवशी मुक्कामाच्या देवळाजवळच्या फुटपाथवर परभणीकडची एक म्हातारी तळपायांना खोबरेल चोळत बसली होती. मी विचारलं, “मावशी, फार दमलात का?”

“न्हाई रे बाबा,” ती म्हणाली, “उद्या दिव्याचा घाट हाय. आज समद्यांनी बसायचं असतंय.” आणि तिने शेजारची सतरंजी माझ्याकडे सरकवली.