प्रेम ठरवणार कोण?

प्रेम हा शब्द आपल्याला फार वेळा ऐकवला गेलाय. सोसा म्हणून, थांबा म्हणून, माफ करा म्हणून. त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळांना तो ऐकला की मळमळतं. पण मळमळ हा काही विचार नव्हे. शब्द फेकायचाच असेल तर आधी वाजवून बघू.

१९६६ साली अमेरिकेत जोसेफ फ्लेचर या धर्मशास्त्र शिकवणाऱ्या पाद्र्यानं एक पुस्तक लिहिलं, ‘सिच्युएशन एथिक्स’. डिक्शनरी उशाला घेऊन मी ते वाचलं. त्याचं म्हणणं असं की चांगलं-वाईट ठरवताना नियमांची पोथी काढू नका. समोरची परिस्थिती बघा आणि एकच विचारा, इथं प्रेमानं काय करायला हवं? मारेकरी दारात उभा राहून लपलेल्या माणसाचा पत्ता विचारत असेल, तर खोटं बोलणं हेच बरोबर. आणि हे प्रेम म्हणजे काळीज पाघळणं नव्हे. ग्रीक बायबलातला शब्द आहे अगापे. माणूस आवडो न आवडो, त्याचं भलं करायचं ही इच्छाशक्ती. न्याय म्हणजे सगळ्यांत वाटून दिलेलं हेच प्रेम, असंही फ्लेचर म्हणतो.

पोथीला बाजूला सारणारा पाद्री आपल्याला आवडणारच. पोथीनंच तर आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर बसवलं. येशूनंही शब्बाथाच्या दिवशी, काम करायला बंदी असताना, आजारी माणसाला बरं केलं होतं. माणूस आधी, नियम मागून. इथवर माझं भांडण नाही.

भांडण पुढं आहे. परिस्थिती बघणार कोण? प्रेमाला काय हवं ते ठरवणार कोण?

मी सूतगिरणीत बदली कामगार. आमच्या खात्यातला एक साहेब लई प्रेमळ. कुणाचं पोर आजारी पडलं की स्वतःच्या खिशातून पाचशेची नोट काढून देतो. पण पगाराची पावती मागितली की त्याचं तोंड उतरतं. म्हणतो, मी बसलोय ना तुमच्या बापासारखा, पावती कशाला? त्याचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण नोट त्याच्या मर्जीवर आहे, पावती माझ्या हक्काची आहे. ज्याच्या हातात सत्ता, त्याला नियम नसलेलं प्रेम सोयीचं पडतं. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला नियम हेच छप्पर असतं. फ्लेचरच्या पुस्तकात निर्णय घेणाराच बोलतो. ज्याच्यावर निर्णय येऊन पडतो त्याचा आवाज मला तिथं फारसा ऐकू आला नाही.

अमेरिकेतच बघा. एप्रिल १९६३, अलाबामातलं बर्मिंगहॅम. काळे लोक रस्त्यावर उतरलेले. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं. एक ज्यू, बाकी सगळे ख्रिस्ती. म्हणाले, ही वेळ नव्हे, रस्त्यावर नको, कोर्टात जा. ही सगळी प्रेमाचा उपदेश करणारीच माणसं. मार्टिन ल्यूथर किंगनं तुरुंगातून त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा पाठ करण्यासारखा आहे. बहुसंख्य जो कायदा दुसऱ्यावर लादतात आणि स्वतः पाळत नाहीत, तो अन्यायी. म्हणजे नुसता कायदाही पुरत नाही. तो कुणी केला, कुणावर केला, हे विचारावंच लागतं.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी, त्याच गावात काळ्यांच्या चर्चमध्ये बाँब फुटला. चार पोरी मेल्या. एक अकरा वर्षांची, तिघी चौदाच्या. त्या दिवशी रविवारच्या शाळेतल्या धड्याचा विषय होता क्षमा करणारं प्रेम. गुन्हेगारांपैकी पहिल्याला शिक्षा व्हायला १९७७ उजाडलं, दुसऱ्याला २००१, तिसऱ्याला २००२. आता सांगा, त्या पोरींच्या आयांना क्षमेचा धडा द्यायचा हक्क कुणाला? त्यांनी स्वतः क्षमा केली तर ती त्यांची. दुसऱ्यानं मागितली तर ती जुलूमच.

राइनहोल्ड नीबूरनं १९३२ सालीच लिहून ठेवलंय की एकटा माणूस स्वार्थ सोडू शकेल, पण समूह आपली सत्ता प्रेमापोटी सोडत नाही. तिथं दाब लागतो. किंगनं नीबूर वाचला होता, तरी प्रेम सोडलं नाही. त्यानं प्रेमाला मोर्चात चालवलं, बहिष्कारात बसवलं, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत नेलं. प्रेम आणि सत्ता या दोन विरुद्ध गोष्टी मानणं ही चूक, असं तो १९६७ मध्ये स्पष्ट बोलला.

लूकच्या शुभवर्तमानात शोमरोनी माणसाची गोष्ट आहे. माझा शेजारी कोण, असं एक शास्त्री येशूला विचारतो. लुटारूंनी मारून अर्धमेला केलेला माणूस रस्त्याकडेला पडलाय. याजक बघून जातो, लेवी बघून जातो. ज्या जातीचा यहुदी तिरस्कार करायचे तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो. शेवटी येशू प्रश्नच फिरवतो, त्या पडलेल्याचा शेजारी कोण झाला? मला यातलं मर्म इथं दिसतं. प्रेम झालं की नाही हे पडलेल्याच्या बाजूनं मोजायचं. याजकाला विचारलं असतं तर त्यानंही आपल्या प्रेमाचे दाखले दिले असते.

म्हणून मी म्हणतो, प्रेमानं कायदा तपासावा आणि कायद्यानं प्रेम. एकट्यावर सोडलं तर दोन्ही वरच्याच्या घरी पाणी भरतात. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही प्रेम पुरेसं मानलेलं नाही, मैत्री हवी म्हटलंय. मैत्रीत कुणी कुणाचा बाप होऊन बसत नाही.

आणि ही मोजपट्टी आपल्यालाही लावायची आहे. आपणही कुणाच्या तरी वर आहोत. घरातल्या बाईला न विचारता ‘तिच्या भल्यासाठी’ ठरवतो, तेव्हा आपणही तो साहेबच असतो. वस्तीत आपल्याहून खालची मानलेली जात आहे, तिच्या वतीनं भाषण ठोकतो तेव्हाही. आपलं प्रेम किती, हे तिला विचारू. ती सांगेल ते ऐकून घ्यायची तयारी असेल, तरच हा शब्द तोंडात घेऊ.