नवखा प्रेक्षक, जुनी रात्र

तरुणांना नाटकाकडे, विशेषतः संगीत नाटकाकडे, कसे वळवावे हा प्रश्न मराठीत अनेक दशके विचारला जात आहे आणि त्याची उत्तरेही ठरून गेलेली आहेत: तिकीट स्वस्त करावे, प्रयोग आटोपशीर करावा, महाविद्यालयांत रसग्रहणाची शिबिरे घ्यावीत. या उत्तरांत वावगे काही नाही. त्यांच्या मुळाशी असलेले गृहीत मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. नवा प्रेक्षक कोरी पाटी घेऊन येतो, गाण्यातून गोष्ट पुढे नेण्याचा संकेत त्याला ठाऊक नसतो आणि तो त्याला शिकवावा लागतो, असे ते गृहीत आहे. पुण्या-मुंबईच्या तरुणाबद्दल ते काही अंशी खरे असेलही, पण नंदुरबार जिल्ह्यात ते पहिल्याच पावलाला ठेचकाळते.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख असून तीत दोन तृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि मावची, पावरी, देहवाली, कोकणी, अहिराणी अशा बोली येथे घराघरांत बोलल्या जातात. प्रमाण मराठी येथील बहुसंख्य मुलांना शाळेत भेटते. या मुलखात, आणि लगतच्या गुजरातच्या डांग-तापी भागातही, ‘सोंगाड्या पार्टी’ नावाचा लोकनाट्याचा प्रकार चालतो. शेतीची कामे उरकली की गावातल्या मोकळ्या जागेत मंडप पडतो, ढोलकी आणि पेटीच्या, अलीकडे सिंथेसायझरच्या, साथीने गाणी सुरू होतात, आणि नाच, विनोदी सोंगे व एखादे लांबलचक कथानक यांची सरमिसळ करत खेळ रात्रभर चालतो. स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करतात. समोर जमिनीवर गोधड्या-घोंगड्या अंथरून बसलेली माणसे, त्यांच्या कडेला झोपी गेलेली मुले, आणि विनोदाचा आवाज चढला की झोपेतून उठून पुन्हा रंगमंचाकडे पाहू लागणारी तीच मुले, असे हे प्रेक्षागृह असते. ज्याची नाटकाशी ओळख अशा झोपेच्या काठावर झाली आहे, त्याला संगीत नाटकाच्या बाबतीत नवखा म्हणणे धाडसाचे आहे.

होळीच्या दिवसांत तर प्रेक्षक आणि नट ही वाटणीच उरत नाही. सातपुड्यातील काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. त्या होळीत आणि आसपासच्या गावांच्या होळ्यांत तरुण नवस बोलून ‘बुध्या’, ‘बावा’ अशी सोंगे घेतात, अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात, कमरेला घुंगरे व सुकलेले भोपळे बांधतात आणि काही दिवस खाटेवर न झोपण्यासारखे कडक नियम पाळतात. या पाळणुकीला तेथे ‘पालनी’ म्हणतात. मराठीत ‘सोंग’ या शब्दाला खोटेपणाची छटा चिकटलेली आहे, सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही असे आपण सहज म्हणतो. पालनी करणाऱ्या तरुणाच्या लेखी मात्र सोंग ही व्रताची बाब आहे, आणि रंगभूमीवरील शिस्तीचा यापेक्षा कठोर धडा कोणत्याही नाट्यशिबिरात मिळत असेल असे वाटत नाही.

मग हा तरुण संगीत नाटकापासून दूर का राहतो? त्याचे उत्तर त्याच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा नाटकाच्या इतिहासात शोधणे फलदायी ठरते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा समोरचा प्रेक्षकही या प्रकाराला नवखाच होता. किर्लोस्करांनी त्याला रसग्रहण शिकवले नाही. कीर्तनातून कानांवर पडलेल्या साकी, दिंडी, ओवी या छंदांत आणि लावणीच्या ओळखीच्या वळणांत त्यांनी पदे बांधली. नाटकात पात्राने गायचे गीत म्हणजे पद, एवढा एक नवा संकेत प्रेक्षकाने स्वीकारायचा होता. चाल त्याच्या ओळखीची होती आणि गोष्टही. पुढे चित्र पालटले. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चालींत ख्यालगायकी, म्हणजे रागाचा स्वरविस्तार करत जाणारी गायनपद्धती, रंगभूमीवर आली. बालगंधर्वांच्या गळ्याने तिचे सोने झाले, यात वाद नाही. पण त्या सोन्याची किंमतही मोजावी लागली. ‘वन्स मोअर’ घेत एकेक पद लांबत गेले, कथा थांबून राहू लागली, आणि रागाची जाण ही नाटक समजण्याची नसली तरी नाटकात रमण्याची पूर्वअट होऊन बसली. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला तेव्हा जो प्रेक्षक उठून गेला, तो मुख्यतः ही अट न परवडणारा प्रेक्षक होता.

संगीत नाटक आकसले याचे खापर बोलपटावर फोडण्याची रीत आहे, पण बोलपट हे निमित्त होते. गोष्ट आणि चाल या दोहोंपैकी एक तरी ओळखीची असल्याशिवाय नवा माणूस नाटकात शिरत नाही, हे किर्लोस्करांना कळले होते आणि त्यांच्या वारसदारांच्या नजरेतून ते निसटले. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’ने कीर्तन, दशावतार व खेळे यांची वळणे घेऊन आणि 2017 च्या ‘संगीत देवबाभळी’ने वारकरी अभंगाचे बोट धरून तरुणांना पुन्हा नाट्यगृहात बसवले, तेही याच जुन्या वाटेने.

या दृष्टीने 1882 च्या ‘सौभद्र’चे उदाहरण नंदुरबारसाठी विचार करण्याजोगे आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामाने तिचे लग्न ठरवले दुर्योधनाशी, आणि कृष्णाच्या मसलतीने अर्जुन संन्याशाचे सोंग घेऊन तिच्या घरात शिरतो व अखेर तिला घेऊन जातो. भिल्ल समाजांत मुलामुलीने पळून जाऊन संसार थाटणे आणि मागाहून पंचांसमोर ‘देज’, म्हणजे मुलीच्या घरी द्यायची रक्कम, ठरवणे ही परिचित रीत आहे. त्यामुळे नवापूरच्या प्रेक्षकाला या कथेतली कोंडी समजावून सांगण्याची गरज नाही. दुर्योधनाकडील बोलणी मोडल्यावर पंचांत कोण काय म्हणेल, हेदेखील तो सांगू शकेल. त्याला अडते ते संस्कृतप्रचुर पदांपाशी. ‘सौभद्र’ मावचीत उतरले, त्याला सोंगाड्या पार्टीच्या चाली मिळाल्या आणि संन्यासी झालेला अर्जुन पार्टीतल्या हुकमी विनोदी नटाने केला, तर किर्लोस्करांचा अपमान होईल असे मानण्याचे कारण नाही, कारण त्यांनी कालिदासाच्या बाबतीत फार वेगळे काही केले नव्हते.

वेळेची अडचण याहून साधी, आणि म्हणूनच सहसा दुर्लक्षित राहणारी आहे. नंदुरबार शहरात छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर आहे. पण रात्री साडेनऊला सुरू झालेले नाटक साडेबाराला संपले, तर अक्राणी किंवा मोलगीकडच्या मुलाने घाटाच्या रस्त्याने परतायचे कसे? न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 1996 साली ‘रेंट’ या संगीत नाटकाने पहिल्या दोन रांगा वीस डॉलरला देऊन तरुणांना आत घेतले आणि ती युक्ती पुढे इतरांनीही उचलली. तेथील अडथळा तिकिटाचा होता, म्हणून उपाय तिकिटाचा होता. येथील अडथळा एसटीचा आहे. सोंगाड्या पार्टी रात्रभर चालते यामागे हौस आहे तसा हिशोबही आहे: दूरच्या पाड्यावरून चालत आलेला माणूस उजाडल्याशिवाय परतू शकत नाही, तेव्हा खेळही उजाडेपर्यंत चालतो. नाट्यमंदिराने तरुणांसाठी दुपारचे प्रयोग लावावेत, किंवा नाटकानेच आश्रमशाळेच्या पटांगणात जावे. निवासी असलेल्या या शाळांत प्रेक्षक आधीच मुक्कामाला असतो.

त्यातच दिवाळीनंतर नंदुरबारमधून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोली-सुरतकडे जातात. पार्ट्यांचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच असल्याने ज्या तरुणाने मंडपासमोर बसायचे तो उसाच्या फडावर असतो आणि आपल्या भागातल्या खेळाचे चित्रीकरण मोबाइलवर पाहतो. आजच्या पिढीला नाटक नको आहे, असा निष्कर्ष रिकाम्या खुर्च्यांवरून काढणाऱ्यांनी हा प्रेक्षकही मोजायला हवा.

सोंगाड्या पार्टीचे गोडवे गाताना तिच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. चित्रपटाच्या चालींची उचल वाढली आहे, विनोद पुष्कळदा बाईच्या अंगावर बेतलेला असतो, आणि होळीत मोकळेपणी नाचणारी मुलगी या मंडपात रंगमंचावर क्वचितच दिसते. संगीत नाटकाकडून घेण्यासारखे येथे बरेच आहे: बांधीव संहिता, पात्राच्या मनःस्थितीतून उमलणारे पद, आणि स्वर लावण्यापूर्वीची मेहनत. ख्यालाच्या अंगाने गायलेले नाट्यपद ऐकायला कान तयार व्हावा लागतो हे खरेच आहे, आणि तो तयार करणे सोडून द्यावे असा या विवेचनाचा अर्थ नाही. क्रम तेवढा बदलायला हवा. ओळखीच्या चालीने आत आलेला प्रेक्षक अनोळखी चालीपाशी थांबायला तयार होतो, उलट दिशेने तो सहसा येत नाही.

एक धोका मात्र गंभीर आहे. शहादा तालुक्यातील कवी वाहरू सोनवणे यांच्या 1987 च्या ‘गोधड’ या संग्रहातील ‘स्टेज’ ही कविता बरीच गाजली. ज्यांच्या दुःखाविषयी बोलायचे तेच खाली बसलेले आणि बोलणारे दुसरेच मंचावर, या विसंगतीवर तिने नेमके बोट ठेवले. आदिवासी तरुणाला नाटकाची गोडी लावण्याच्या कार्यक्रमांत हीच विसंगती फार सहज शिरते: पाहुण्यांच्या स्वागताला ढोल आणि मोरपिसे, आणि मग त्याच मुलांना खाली बसवून रंगभूमीच्या वैभवावर व्याख्यान. ज्या उपक्रमात मुलांच्या बोलीतले एकही वाक्य मंचावरून उच्चारले जात नाही, तो उपक्रम प्रोत्साहनाचा नाही.

नाट्यसंस्थांच्या चालकांनी आणि मराठीच्या प्राध्यापकांनी शिबिराची आखणी करण्याआधी येत्या हिवाळ्यात नवापूर किंवा अक्कलकुव्याकडच्या एखाद्या गावात सोंगाड्या पार्टीसमोर एक पूर्ण रात्र बसावे, शेजारचा मुलगा कोणत्या गाण्याला मान वर करतो ते पाहावे, आणि सोबत घोंगडी घ्यावी. सातपुड्याच्या पायथ्याला पहाटे थंडी फार असते.