अप्रिय साक्षीदार

रूथ वेअर यांच्या 'द वुमन इन केबिन १०' (२०१६) या कादंबरीविषयी वाचकांची एक तक्रार वारंवार ऐकू येते : नायिका लो ब्लॅकलॉक चिडखोर आहे, फार पिते, तिच्याविषयी आपुलकी वाटत नाही. वरवर पाहता हा अभिरुचीचा प्रश्न. माझ्या मते तो नैतिक आहे.

घरात शिरलेल्या चोराचा धसका घेतलेली ही प्रवास-पत्रकार नॉर्वेच्या आलिशान जलसफरीवर जाते. शेजारच्या केबिनमधून एका स्त्रीला समुद्रात टाकले गेले, असे ती सांगते. केबिन रिकामी आढळते, आणि सुरक्षा-अधिकारी नील्सन तिचे मद्यपान व नैराश्यावरील गोळ्या यांकडे बोट दाखवतो. वाचकाची तक्रार याहून फारशी वेगळी नाही. नील्सनला निदान एक सबब आहे. वाचकासमोर मात्र लेखिकेने मधूनमधून ई-मेल व बातम्या ठेवल्या आहेत, आणि काही विपरीत घडल्याचे त्यांतून सूचित होते.

वेन बूथने १९६१ मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा मांडली, ती निवेदक आणि साहित्यकृतीची मूल्ये यांतील अंतरासंबंधी. निवेदकाचा त्रासदायक स्वभाव हा तिचा निकष नव्हे. रहस्यकथेच्या वाचकाने संशय घ्यावाच (त्यावाचून त्या प्रकारात मौज ती काय?), पण तो सभ्य, संपन्न यजमानावर उशिरा पडतो आणि भेदरलेल्या स्त्रीवर आरंभापासून, हे कसे?

अखेर खून खरा निघतो. मृत स्त्री कोण, याविषयीचा नायिकेचा तर्क तेवढा चुकलेला असतो; आणि ती चूक मद्याने वा गोळ्यांनी नव्हे, दुसऱ्यांनी रचलेल्या वेषांतराने घडवलेली असते.