शिवेचा दगड आणि काइनाची खूण

'मार्क' म्हटले की आपल्या घरांतून परीक्षेचे गुण आठवतात. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'मेआर्क' असा होता, आणि त्याचा अर्थ होता शीव. शीव दाखविणारी खूण हीही मेआर्कच. पुढे शीव मागे पडली, खूण तेवढी उरली. त्या काळची जमिनीची दानपत्रे पुष्कळदा लॅटिनमध्ये लिहीत, पण चतुःसीमा मात्र बहुधा लोकांच्या बोलीत असे: अमुक झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यावरून जुन्या चरापर्यंत. शेजाऱ्याची शीव ज्याने राखायची, त्याला ती समजली तर पाहिजे!

ह्याच शब्दाचे भावंड 'मार्च', ते फ्रेंचमधून आले. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर वेल्सच्या सरहद्दीचा मुलूख 'मार्च' म्हणून बलाढ्य सरदारांकडे गेला. तेथे राजाचा हुकूम जेमतेम चाले. न्याय व वसुली सरदारांचीच. ही सत्ता मोडणारा कायदा 1536 साली झाला. शीव राखावयास नेमलेला माणूस शिवेचाच मालक होऊन बसतो, हे आपल्या मंडळ्यांच्या कमिट्यांतून पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही.

उलट बाजूही आहे. स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या दिवसांत इंग्लंडातील मंडळ्या पाळकासह आपल्या हद्दीवरून फिरत. ही चाल मध्ययुगापासूनची. दगड पोरांच्या ध्यानात राहावा म्हणून तेथे त्यांना छडीही बसे! 1633 साली वारलेले कवी व पाळक जॉर्ज हर्बर्ट यांनी ह्या फेरीचे चार लाभ सांगितले आहेत: पिकावर देवाचा आशीर्वाद, शिवेचा न्याय, सोबत चालताना भांडणे मिटणे, आणि गरिबांना दान. शीव राखणे आणि समेट करणे ही एकाच फेरीची कामे, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

शेजाऱ्याची शीव सरकवू नये, अशी आज्ञा अनुवादात आहे. दगडाला बोलता येत नाही. रात्री तो हातभर सरकविला तर विधवेच्या बाजूने साक्ष कोण देणार? म्हणून ही आज्ञा मोडणाऱ्यावर शाप उच्चारला आहे.

1611 च्या इंग्रजी बायबलात ह्या शिवेच्या खुणेला 'लँडमार्क' म्हटले आहे आणि काइनावर ठेवलेल्या खुणेला 'मार्क'. मूळ इब्रीत दोन शब्द वेगळे आहेत. इंग्रजीतील योगायोगावर सिद्धान्त उभारू नये, हे आम्हांलाही शिकविले आहे. तरी ह्या शब्दाने आमची एक चूक दाखविली. शब्बाथशाळेत आम्ही कित्येक वर्षे काइनाची खूण म्हणजे कलंक, डाग, असेच शिकवीत आलो. अध्याय पुन्हा वाचला. जो मला भेटेल तो मला मारील, असे काइन म्हणतो, आणि कोणी त्याला मारू नये म्हणून देव खूण ठेवतो. ती शीवच होती: सूड येथवर, ह्यापुढे नाही. आणि ती घातली कोणाभोवती? निरपराध्याभोवती नव्हे, भावाचा खून करणाऱ्याभोवती.

हे आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "मग हाबेलाच्या आईला काय वाटले असेल?"

आम्हांला लगेच उत्तर सुचले नाही. ती तर दोघांचीही आई होती.